पाठीवरची फुली

लग्नाला गेलं की लोक आधी जेवणाकडे बघतात, मग नवरीच्या दागिन्यांकडे. माझी नजर जाते पाहुण्यांच्या पाठीवर. वडिलांचं कोल्हापुरात मंगळवार पेठेत शिलाईचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी तिथे काज-बटणाला बसायचो. त्यामुळे माणसाचं नाव विसरतो, चेहराही विसरतो, पण त्याच्या कपड्याचा तीरा, म्हणजे खांद्याचा भाग, हाडावरून किती खाली घसरलाय हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

"अहो, मी आधीच सांगून ठेवतो," परवा रिक्षात बसता बसता बायको म्हणाली, "आज कुणाच्या मागं जाऊन दोरं तोडायचं नाहीत. गेल्या खेपेला त्या माणसाला वाटलं, तुम्ही पाकीट मारायला लागलाय."

तिचं बरोबर होतं, पण माझाही इलाज नव्हता. नवीन कोट घेतला की त्याच्या मागच्या चिरेवर कच्च्या दोऱ्याची एक फुली घातलेली असते. वाहतुकीत आणि दुकानात टांगून ठेवल्यावर चीर फाकू नये, म्हणून कारखान्यात मारलेला तो तात्पुरता टाका. घरी नेल्यावर उसवून टाकायचा. घोड्यावर बसल्यावर कोट दोन्ही अंगांनी नीट पडावा, यासाठी साहेबानं ती चीर ठेवली. आपण घोड्यावर बसत नाही हे मान्य, पण प्लास्टिकच्या खुर्चीवर तर बसतो! फुली तशीच राहिली की कोट मागून फुगतो आणि माणूस बसल्यावर मानेपाशी वर चढतो. त्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि पहिल्याच रांगेत फुल्याच फुल्या. मतमोजणी चालू आहे असं वाटावं.

बायकोनं हात धरून ठेवला होता, म्हणून नुसताच बघत राहिलो.

फुलीचं एकवेळ सोडा, ती मागे असते, मालकाला दिसत नाही. बाहीवरच्या लेबलाचं काय? मनगटाच्या वर, बटणांच्या शेजारी, कंपनीचं नाव विणलेला कापडी तुकडा असतो. कोट हँगरला रांगेनं लटकत असताना गिऱ्हाइकाला नाव दिसावं एवढंच त्याचं काम. नवऱ्या मुलाच्या आतोबांनी तो असा मिरवला होता की नमस्कार करताना आधी लेबल पुढे यायचं. मी आपला हळूच कानाशी लागलो, "पाव्हणं, एवढं काढायचं राहिलंय बघा."

"राहिलंय कुठलं? ठेवलंय!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की भटजी थांबले. "अठरा हजार घातल्यात कोटाला. काढलं तर कुणाला कळायचं?"

याला उत्तर नाही. अठरा हजारांचा कोट साडेतीन हजारांचा दिसत असेल तर लेबल हाच पुरावा. पण तो तसा दिसत होता तो खांद्यामुळे. कोटाच्या खांद्याची शिलाई जिथे आपलं हाड संपतं तिथेच संपली पाहिजे. यांची शिलाई आणखी दोन बोटं पुढे जाऊन दंडावर वाकली होती. लांबी कमी करता येते, कंबर दाबता येते, बाही वर घेता येते. खांदा मात्र दुरुस्त करायचा म्हणजे बाह्या काढून अर्धा कोट नव्यानं बांधायचा. वडील सरळ सांगायचे, "खांदा बसला तर घे, नाहीतर पैसे घरी ने." गिऱ्हाइक काय करतं? रंग बघतं.

आतोबांनी तिन्ही बटणं लावली होती, हे सांगायला नकोच. सगळ्यात खालचं बटण उघडं ठेवायचं असतं. इंग्लंडचा सातवा एडवर्ड राजा पोट सुटल्यामुळे ते लावत नसे, दरबाऱ्यांनी त्याचं बघून सोडलं आणि तीच रीत पडली, असं सांगतात. खरं-खोटं तो राजा जाणे, पण आता कोट बेततानाच ते बटण लावायचं नाही असं धरून बेततात. लावलं की कोट ओढला जातो आणि कंबरेवर तिरक्या सुरकुत्या पडतात. राजाला पोटाची लाज नव्हती म्हणून रीत तरी पडली. आपल्याकडे कोल्हापूरच्या कोंडाओळात रस्सा-भाकरी खाणाऱ्या माणसाला ते पोट स्वतःचं आहे हेच मान्य नसतं.

पुरुषांच्या कपड्यांतल्या निम्म्या चुका इथून निघतात. लोकांना वाटतं रंग चुकतो, फॅशन चुकते. मी म्हणतो, माप चुकतं, आणि तेही अंगाचं नव्हे, वयाचं. पुरुष पंचविसाव्या वर्षी एकदा आपली कंबर पाठ करतो आणि जन्मतारखेसारखी ती शेवटपर्यंत तीच सांगतो. "बत्तीस!" पोट पुढे येतं, तसा बत्तीसचा पट्टा पोटाखालून खाली खाली सरकतो, पण आकडा ढळत नाही. मग पँटची आसनाची जागा गुडघ्याच्या दिशेनं निघते, पायाशी कापडाच्या चार घड्या पडतात, आणि माणूस दर पाच मिनिटांनी दोन्ही हातांनी पँट वर ओढतो. हे सभेतही चालतं आणि श्रद्धांजलीलाही.

दुकानात टेप काढली की गिऱ्हाइक श्वास आत ओढून ताठ उभं राहायचं. वडील काहीच बोलायचे नाहीत. टेप कंबरेभोवती सैल धरून विचारायचे, "काय मग, मटण आता कुठं बरं मिळतंय?" कोल्हापुरात या प्रश्नावर कुणी गप्प बसत नाही. माणूस बोलायला लागला, की पोट आपसूक जागेवर यायचं. मग टेप हलकेच आवळून ते मला हाक द्यायचे, "साडेअडतीस लिही." गिऱ्हाइक दचकायचं. शिवाय पाठीमागच्या शिलाईत ते चांगली दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायचे, कारण दिवाळीनंतर तोच माणूस पँट उसवून घ्यायला येणार हे त्यांना ठाऊक असायचं. तयार पँटीत तेवढी माया शोधून सापडत नाही. ती एकदा आवळली की तुम्ही बारीक व्हायचं, नाहीतर नवी घ्यायची. इचलकरंजी इथून तासाभरावर, तिथे दिवसरात्र माग खडखडतायत, आणि इथे कापडाच्या एका इंचासाठी माणसाची अशी अडचण!

तरुण पोरांची तऱ्हा उलटी. त्यांना माप कळतं, पण दोन नंबर कमी हवं असतं. नवरदेवाच्या मित्रांचे शर्ट असे ताणलेले की दोन बटणांच्या मधून बनियन डोकावत होता. पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन उठून दिसतो, अंगाच्या रंगाचा दिसत नाही. हे मी एका पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, अंगाच्या रंगाचा घातला तर घातलाय हे आईला कसं कळणार?" टायच्या टोकानं पट्ट्याच्या बकलाला शिवावं, इतकीच टायची अपेक्षा. एकाची छातीवर संपली होती, दुसऱ्याची बकल ओलांडून पुढे गेली होती. दोघं जवळ उभे होते, सरासरी बरोबर होती.

पायांबद्दल बोलू नये असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. 2025 च्या जूनमध्ये मिलानला पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा अख्खं गाव पेटलं होतं. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेली चप्पल, घेतलीच कशी? परवा त्याच गावच्या लग्नात शेरवानीखाली रबरी सँडल होते. एकानं कोल्हापुरी घातली होती खरी, पण मोज्यावर, आणि अंगठ्याच्या पट्ट्यात मोजा असा काही गोळा झाला होता की बघवत नव्हतं. नव्या कोल्हापुरीला तेल पाजावं लागतं, चार दिवस ती चावते, आणि घेताना जरा घट्टच घ्यावी लागते, कारण चामडं पुढे सैल पडतं. एवढं सोसायला पुरुष तयार नसतो. सोसायचं ते त्यानं पँटच्या कंबरेला सोसलेलं असतं.

तेवढ्यात फेटेवाला आला. त्याच्या हाताला दाद द्यावी. शेव, म्हणजे फेट्याचं टोक, दुसऱ्याच्या हातात देऊन कापडाला पीळ घालत त्यानं दोन मिनिटांत माणूस उभा केला. फेटा डोक्यावर चढला की तेच आतोबा, तोच पडलेला खांदा, तीच तीन बटणं, पण सरदार दिसायला लागले. फेटा प्रत्येकाच्या डोक्यावर, त्याच्याच डोक्याच्या मापानं बांधला जातो, त्यामुळे तो चुकत नाही. कान आत राहिला तर दुखतो, एवढंच. मी चष्मा काढायला विसरलो आणि दांड्या आत गेल्या. अक्षता पडेपर्यंत डोळ्यांवरून चष्मा हलला नाही, ही एक सोयच झाली.

जेवणाच्या पंगतीला मी जरा शांत झालो, कारण पाठी भिंतीकडे होत्या. मसालेभात आला, जिलेबी आली. मठ्ठा घेऊन आलेल्या पोराकडे बघितलं आणि माझा घास हातातच राहिला. काळं जाकीट. तीरा हाडावर संपलेला. खालचं बटण उघडं. पांढऱ्या शर्टाची बाही मनगटाच्या हाडाशी थांबलेली. पँट कंबरेलाच होती आणि बुटावर एकच हलकी मोड. तो वाकला तेव्हा पाठही बघून घेतली. कुठे ओढ नाही, कुठे फुगा नाही. हजार माणसांच्या हॉलमध्ये धड कपडे घातलेला हा एकटा!

"बाळ, कुठं शिवलंस रे हे?" मी विचारलं.

"शिवतोय कुठलं, काका?" माझ्या वाटीत मठ्ठा ओतत तो म्हणाला. "मालकाकडं ढीग असतोय. रोज हाताला येईल ते घालायचं. काल लई ढगळ आलंवतं, आज बसलंय."