दोन तास ठीक, पण कोणते?

‘क्वालिटी मॅनेजरने रोज किमान दोन तास शॉपफ्लोअरवर (कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन चालतं तिथे) काढावेत’ हे तुमच्या लेखातलं म्हणणं मान्य, पण कोणते दोन तास ते त्यात आलंच नाही. सकाळी दहाला, लाइन झाडून-पुसून लख्ख असताना मारलेली फेरी म्हणजे पाहुणचार! मी भोसरीतल्या कारखान्यात असताना अ‍ॅल्युमिनियम हाऊसिंगचा (बाहेरच्या कवचाच्या भागाचा) 80 मिमीचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, लाइनवर ओके यायचा आणि स्टँडर्ड रूममध्ये (ठरावीक तापमानाच्या मोजमाप खोलीत) 20 अंशांना तपासला की अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान. आठवडाभर मी टेबलावर बसून कॅलिब्रेशनचे (मोजमापाची साधनं अचूक आहेत का, त्या तपासणीचे) कागद चाळले. शेवटी रात्री शिफ्ट बदलताना जाऊन उभा राहिलो. पार्ट धुण्याच्या वॉशिंग मशीनमधून निघालेला कोमट पीस ऑपरेटर तसाच बोअर गेजवर (भोकाचा व्यास मोजायच्या साधनावर) घेत होता. तापमानात 15 अंशांचा फरक असला तरी एवढा बोअर सुमारे 27 मायक्रॉन (0.027 मिमी) फुगतो. पोराची चूक नव्हती. पीस थंड होऊ द्या असं वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये (कामाच्या लेखी सूचनेत) कुठेच नव्हतं, आणि ती लिहिली होती मीच.

आणि फ्लोअरवर न जाण्याचं कारण दर वेळी आळस नसतं. कस्टमरच्या तक्रारीची 8डी (आठ टप्प्यांचा अहवाल), ऑडिटच्या फायली, सप्लायरचे फोन यातच दुपार होते. ते काम कुणाकडे द्यायचं, तेही लिहा की.