सुंठ कुणी चोरून खात नाही

मोरावळ्यात आलं घालायचं की सुंठ, यावर आमच्या घरात चार माणसं आणि पाच मतं आहेत. पाचवं मत अक्कांचं. त्या राहतात शेजारी, पण त्यांचं मत आमच्याकडेच मुक्कामाला असतं.

दिवाळी सरली, मंडईत आवळे आले. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, पाहुणे येतात, तोवर बरणी मुरायला हवी. आवळ्यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भांडण आल्यावरून पेटलं.

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं म्हणणं, सुंठच. सुंठ हा त्यांच्या लेखी घरातला डॉक्टर. आमरसावर सुंठ-तूप, रामनवमीला सुंठवडा, पोट दुखलं तर सुंठ-गूळ, डोकं दुखलं तर कपाळावर सुंठीचा लेप. सुंठेवाचून खोकला गेल्याची या घरात एकही नोंद नाही.

अहोंचं मत, ओलं आलंच. जे चहात चांगलं, ते जगात सगळीकडे चांगलं, एवढंच त्यांचं शास्त्र. गार दुधात आलं किसून पातेलं गॅसवर चढवायचं आणि दूध नासलं की गवळ्याला नावं ठेवायची, हेही त्याच शास्त्रात बसतं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, आधी पाण्यात खळखळून उकळलं की त्याचा जोर जातो, हे मी सांगून पाहिलं. "म्हणजे दूधच कच्चं होतं," ते म्हणाले. मग फ्रिज उघडून त्यांनी आलं-लसूण पेस्टची बाटली काढली. "ही आहे की! मंडईत कशाला जातेस?"

मंडईत गेले.

लक्ष्मी मंडईतल्या मावशींनी विचारलं, "कवळं देऊ का जून?" एका प्रश्नाचे दोन झाले. आलं साधारण अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावतात. पाच-सहा महिन्यांत काढलं तर कोवळं, पातळ सालीचं, बिनदोऱ्यांचं, लोणच्या-मुरांब्याला हेच. आठ-नऊ महिने जमिनीत राहिलं की तिखट आणि दोरेदार होतं, सुंठीला तेच लागतं. "लिंबात घाला की ओ ताई, गुलाबी व्हतंय बघा," मावशी म्हणाल्या. कोवळं आलं लिंबात खरंच गुलाबी होतं. मी दोन्ही घेतली. निर्णय पुढे ढकलायचा असेल तर पिशवी मोठी न्यावी.

पण सुंठ न घेता घरी जायची छाती नव्हती. मधल्या मारुतीजवळच्या दुकानात शेठनी सुंठीचे दोन कुडे समोर ठेवले, एक पांढराशुभ्र, एक करडा. पांढऱ्याला चुन्याचा हात लागलेला असतो. "पांढरी बघायला, ही खायला," शेठ म्हणाले. करडी घेतली.

घरी लेकीचा पुण्याहून फोन. तिनं मोबाइलवर कुठंतरी वाचलेलं: "आई, साखरेत मुरवलेल्या आल्याचे तुकडे घाल, सगळे तेच घालतात." हे सगळे कोण, ते तिनं सांगितलं नाही. आपल्याकडे तसलं जवळचं म्हणजे आलेपाक. पण त्यात बरेचजण दूध नाहीतर साय घालतात. ते दूध बरणीत वर्षभर ठेवायचं? तेवढ्यात अक्का आल्या. "आवळे कशाला वाया घालवताय? अल्लम पच्चडी करा." चिंच, गूळ, लाल मिरची आणि भरपूर आलं. त्यांची ती चटणी डोशाबरोबर खाल्ली की कानातून वाफ निघते, हे मान्य. पण आवळे चार किलो होते.

शेवटी पदर खोचला. सुंठ म्हणजे वाळलेलं आलं एवढाच हिशेब नसतो. वाळताना आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट. म्हणून मोठा चमचाभर किसाच्या जागी सुंठपूड पाव छोटा चमचाच पुरे. आईंचा हात मात्र मुठीच्या मापाचा. शिवाय पुडीनं पाक गढूळ होतो. नुसता रस घालावा तर तळाशी पांढरा साका बसतो. तो निवळून वरचाच घ्यायचा, एवढा धीर आमच्या घराण्यात नाही. आणि ओलं आलं पाणी सोडतं. पाकात साखर शेकडा 65च्या खाली गेली की बुरशीला आमंत्रण. आई ओल्याला नाही म्हणतात ते उगाच नाही, पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही.

मी कोवळ्या आल्याच्या चकत्या केल्या, पाण्यात उकळून निथळल्या, आवळ्यांबरोबर पाकात सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी पाक पुन्हा आटवला. काचेसारखा दिसत होता. शिजून आल्याचा झणका उतरला होता, मागे गोडसर ऊब राहिली होती. माझ्या मते मोरावळ्यात आलं घालायची हीच रीत, बाकी सगळ्यांनी आपापली मतं आपापल्या बरणीत घालावी.

गड्ड्याला पाहुणे आले. मी बरणी उघडली. आवळे होते, पाक होता. चकती एकही नव्हती. अहो वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते आणि चहा बिनआल्याचाच पीत होते, तोही तक्रार न करता.

आईंनी बरणीत डोकावून पाहिलं. "म्हणून सांगत होते, सुंठ घाल. सुंठ कुणी चोरून खात नाही."