नातेवाईकांनी बाहेर थांबावं

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या बडोद्याच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटलं, ते फिजिओथेरपिस्टने नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही यावरून. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘लावू नका’ असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं, एवढंच निमित्त. पण आमच्याकडे एक भाची फिजिओथेरपिस्ट आणि एक चुलतभाऊ एमबीबीएस. सरकारने पत्र मागे घेतलं तरी या दोघांनी आपापलं म्हणणं मागे घेतलं नाही. मावश्यांनी बाजू घेतल्या, काकांनी सुभाषितं टाकली. फिजिओथेरपिस्ट नेमकं करतात काय, यावर मात्र गुडघा, कंबर आणि लकवा यांपलीकडे कोणी एक ओळ लिहिली नाही. मी इकडे इंग्लंडात लेस्टरमध्ये बसून वाचत होते आणि गप्प होते. मला ज्या फिजिओथेरपिस्टने सावरलं तिचं काम त्या ग्रुपवर सांगण्यासारखं नव्हतं. इथे सांगते.

मला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला होता. आमच्या दांडिया बाजारातल्या बायका ‘पिशवीच्या तोंडाचा’ म्हणतात. त्याचे उपचार भारतात आणि इंग्लंडात साधारण सारखेच: रोज बाहेरून रेडिएशन, आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, आणि शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिलेलं रेडिएशन. कॅन्सर जातो, पण रेडिएशन जाताना खुणा ठेवून जातं. योनिमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, भिंती एकमेकींना चिकटू लागतात, मार्ग अरुंद आणि आखूड होत जातो. बीजकोशांचं काम थांबतं, त्यामुळे चाळिशीच्या आतल्या बाईचीही पाळी कायमची जाते. मग पहिल्यांदा नवऱ्याच्या जवळ जाताना दुखतं. आणि एकदा तव्याचा चटका बसलेलं पोर जसं गार तव्यालाही हात लावत नाही, तसं पुढच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू स्पर्शाआधीच आवळून बसतात. ते आवळले की आणखी दुखतं, आणखी दुखलं की आणखी आवळतात. बाईच्या इच्छेचा यात काही संबंध नसतो. नवऱ्याला मात्र वाटतं हिला आपण नकोसे झालोय, आणि तिला वाटतं आपण आता बायको राहिलो नाही.

हे स्नायू म्हणजे पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत ताणून बसवलेला एक पडदा. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय त्याच्यावर टेकलेले. त्याला सैल पडायचं विसरायला होतं आणि ते पुन्हा शिकवता येतं, हे मला माहीत नव्हतं.

परदेशातून लिहिणाऱ्यांनी इथे एक ठरलेलं वाक्य टाकायचं असतं: इकडचे लोक किती मोकळे! ते खरं नाही. माझी शेजारीण जन्माने लेस्टरची, सत्तरीची. ती आपल्या आजाराबद्दल बोलताना आवाज खाली आणते आणि ‘खाली’ यापलीकडे जात नाही. इंग्रज माणूस या विषयात आपल्याइतकाच अवघडलेला. फरक आहे तो एका छापील कागदाचा. मॅकमिलन नावाची कॅन्सर रुग्णांसाठीची मोठी संस्था आहे, तिने तयार केलेला काळज्यांचा एक तक्ता नर्स रुग्णाच्या हातात देते. थकवा, लघवी, पोट, पैसे, झोप, घरातली मुलं, आणि त्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, शरीरसंबंध. तुम्ही फक्त खूण करायची. विषय तुम्ही काढला नाही, कागदाने काढला. लाज कागदाला नसते.

दुसरा फरक दाराचा. प्रतीक्षाकक्षात बेलग्रेव्ह रोडकडच्या एक गुजराती बा भेटायच्या. मुलगा, सून, कधी नातसुद्धा बरोबर. एकदा नर्सने सगळ्यांना बाहेर बसवलं, फोनवर दुभाषी घेतली आणि दार लावलं. सून नाराज झाली. बा बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “पहेली वार कोईए पूछ्युं.” मी बडोद्याची, त्यामुळे एवढं गुजराती पुरेसं होतं.

आता इथलं कौतुक इथेच थांबवते. विचारतात लगेच, पण उपचार लगेच मिळत नाहीत. पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या या स्नायूंचं, काम करणारे फिजिओथेरपिस्ट सरकारी सेवेत कमी, रांग महिनोन्‌महिन्यांची. २०२१ च्या डिसेंबरात ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने ओटीपोटाच्या तळाच्या तक्रारींवर मार्गदर्शक सूचना काढल्या, पण सूचनेने रांग कमी होत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी वाहिलेली ‘जोज सर्व्हायकल कॅन्सर ट्रस्ट’ ही संस्था २००० पासून होती. हेल्पलाइन चालवायची, साध्या भाषेत माहिती द्यायची. मे २०२४ मध्ये पैशांअभावी बंद पडली. श्रीमंत देशात हे होतं.

शेवटी माझा नंबर लागला. पहिल्या भेटीचा बहुतेक वेळ बोलण्यात गेला. तिने कटीच्या हाडांची प्रतिकृती पुढ्यात ठेवून सगळं दाखवलं. तपासणी पुढच्या भेटीत, तीही पुन्हा विचारून: हातमोजा घातलेलं एक बोट, आणि “थांब म्हटलंस की थांबेन”. खरोखर थांबली. मग श्वास. पोट फुगवत खोल श्वास घेतला की तळाचा पडदाही खाली सरकतो, सैलावतो; हे बालासनात जास्त जाणवतं. मग डायलेटर, म्हणजे वाढत्या जाडीच्या गुळगुळीत नळ्या. सगळ्यात लहान आधी, भरपूर जेल लावून, आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं. दुखेपर्यंत रेटायचं नाही. रेडिएशन संपल्यावर काही आठवड्यांत, सूज उतरली की डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करायचं आणि दीर्घकाळ चालू ठेवायचं. हे नवरा असलेल्या बायकांसाठीच, असा समज आहे. तसं नाही. मार्ग बुजत गेला तर पुढच्या तपासण्यांत डॉक्टरांना आत नीट पाहता येत नाही, कॅन्सर परत आला तर लवकर कळत नाही. विधवेला, अविवाहितेला, सत्तरीच्या आजीलाही याची गरज आहे. घरात सासूला पटवायचं असेल तर हेच कारण पुढे करा. आणि ते खोटंही नाही.

माझ्या एका आत्याला यातलं थोडं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, हे तर आपल्याच योगात आहे. अश्विनी मुद्रा कर.” अभिमान समजू शकते, पण इथे सल्ला उलटा पडतो. अश्विनी मुद्रा असो की डॉ. आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली मांडलेले व्यायाम, दोन्ही आवळायला शिकवतात. खोकताना लघवी निसटत असेल, अंग बाहेर येत असेल, तर त्यांचा उपयोग. ज्या बाईचे स्नायू आधीच मुठीसारखे मिटलेत तिला आधी सोडायला शिकवावं लागतं. कोणाचे ढिले आणि कोणाचे आवळलेले, हे यूट्यूबवर बघून ठरत नाही. हात लावून तपासणारं माणूस लागतं. भाचीचा ‘डॉ.’ मला तिथे दिसतो, पण तो वाद मी वाढवत नाही.

बडोद्यात या कॅन्सरवर बोलायला गेलं की चर्चा लसीवर जाते, आणि बडोद्याला त्याचं कारण आहे. २००९ मध्ये ‘पाथ’ या अमेरिकन संस्थेने एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्यावरच्या लसीचा प्रकल्प देशात दोनच जिल्ह्यांत केला: आंध्रात खम्मम आणि गुजरातेत आमचा वडोदरा. तिकडे सुमारे १४ हजार मुली, इकडे सुमारे १० हजार. सात मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१० मध्ये सरकारने तो थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध असण्याची शक्यता फारशी दिसली नाही, पण संमती घेण्यात ढिसाळपणा झाला होता हे निघालं; आंध्रात वसतिगृहाच्या वॉर्डनांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनेही कडक ताशेरे मारले. आता पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ पासून बाजारात आहे, आणि आमच्या ग्रुपवर अजूनही कोणीतरी २०१० ची कात्रणं टाकतं. मी लसीच्या बाजूने आहे, पुतणीला द्या असं सांगून मोकळी झाले. पण भीतीही मला समजते: त्या मुलींना आणि त्यांच्या आईबापांना कोणी नीट विचारलं नव्हतं.

आणि न विचारणं लसीपाशी संपलं नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो, सुमारे ८० हजार मरतात. वादात आकडे येतात ते मरणाऱ्यांचे. ज्या वाचून घरी जातात त्यांचं काय, हे ना लसवाल्यांच्या तोंडी ना विरोधकांच्या. गुजरातेत सरकारी कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, रेडिएशन त्यात बसतं. ही मोठीच गोष्ट आहे. पण ओपीडीतली फिजिओथेरपी बसत नाही. कोट्यवधींचं यंत्र चालवून वाचवलेली बाई नळ्यांच्या एका संचासाठी स्वतःच्या पर्सकडे बघते, तेही तिला त्याबद्दल कोणी सांगितलं असेल तर.

“वाचलीस हे काय कमी आहे?” हे उत्तर तयारच असतं. सरकारी ओपीडीतल्या डॉक्टरला एका रुग्णामागे मिळतात ती दोन-चार मिनिटं, त्याच्याकडून याची अपेक्षा करू नये हे मला मान्य. पण हे काम डॉक्टरचं नाहीच. नर्सचं आणि फिजिओथेरपिस्टचं आहे, आणि निदान बडोद्यात फिजिओथेरपिस्ट मिळतात. सयाजी हॉस्पिटलच्या आवारातच फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. माझ्या भाचीकडे कारेलीबागेत त्याच आठवड्यात वेळ मिळते. लेस्टरमध्ये मी त्यासाठी काय दिलं असतं! उरते ती ‘आपली संस्कृती’. ज्या बडोदा संस्थानात सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली, हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला, त्या गावाने ही सबब सांगावी याची मला गंमत वाटते.

भाचीकडे बायका येतात त्या कंबर दुखते म्हणून. दोन-तीन भेटींनंतर खरं सांगतात, तेही नवरा पार्किंगमधून वर यायच्या आत. म्हणून तिने दारावर गुजराती आणि मराठीत पाटी लावली: तपासणीच्या वेळी नातेवाईकांनी बाहेर थांबावं. दोन सासवांनी त्यावरून कडाक्याचं भांडण केलं, एक कुटुंब परत आलं नाही. पाटी अजून आहे. पुरुषही येऊ लागलेत, थोडे. आमच्या ओळखीतले एक काका प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी थांबत नाही म्हणून कमाटीबागेत फिरायला जायचे बंद झाले, पत्त्यांचा अड्डाही सुटला. आवळण्याचे ते केगेलचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून शिकवतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ताठरतेबद्दल तर त्यांनी विचारलंच नाही, आणि डॉक्टरांनीही नाही. दोघांनी वयाकडे पाहिलं.

अहमदाबादला असारव्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात किंवा मुंबईला टाटाला तुमचे किंवा घरातल्या कोणाचे शेक, म्हणजे रेडिएशन, संपत आले असतील, तर शेवटच्या भेटीत विचारून घ्या: डायलेटर कधीपासून, कोणत्या मापाचा आणि वापरायला शिकवणार कोण. कोरडेपणासाठी काय लावायचं तेही विचारा. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर इस्ट्रोजेनचं मलम स्वतःच्या मनाने लावू नका. रेडिएशन बाहेरून दिलेलं असो की ब्रॅकीथेरपी संपलेली असो, नवऱ्याला त्यापासून काही होत नाही, कॅन्सरही लागत नाही; हे त्यालाही कळू द्या. डायलेटरनंतर किंचित लाल डाग दिसला तर घाबरू नका, पण रक्त जास्त गेलं किंवा वास येऊ लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि हे विचारायच्या आधी बरोबर आलेल्यांना चहा प्यायला खाली पाठवा.