मंगळावरचा प्लॉट आणि मावशीचे 2,499 रुपये

गेल्या रविवारी मिरजेला मावशीकडे गेले होते. चपला काढतेय तोवर तिने भिंतीकडे बोट दाखवलं. कॅलेंडरच्या शेजारी लॅमिनेशन केलेला जाड कागद, सोनेरी किनार, लाल गोल शिक्का, मधोमध तिच्या नातवाचं नाव. त्याखाली लिहिलेलं: मंगळ ग्रह, एक एकर. पोरगा सातवीत आहे. त्याच्या वाढदिवसाला म्हणून मावशीने पेन्शनमधले 2,499 रुपये यूपीआयने भरले होते. "अगं, पुढंमागं ह्या पोरांना तिकडंच राहायला जायचंय," ती म्हणाली.

हे तिच्या डोक्यात भरवलं एका फॉरवर्डने. मलाही तो तीन ग्रुपवर आलाय, त्यातला एक शिक्षकांचा आहे. त्यात म्हटलंय: 2030 पासून मंगळावर वस्ती होणार. तिथे पाणी सापडलंय. प्राणवायू बनवणारं यंत्र सुरू झालंय, झाडं लावली की दहा वर्षांत श्वास घेण्याजोगी हवा तयार. भारताने 450 कोटींत मंगळ गाठला, मग माणूस पाठवायला कितीसा वेळ? आणि शेवटी खरी मेख: नातवंडांसाठी आत्ताच प्लॉट बुक करा, सोबत लिंक.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात मंगळाबद्दल बोलताना मुलांचे चेहरे कसे खुलतात ते मी रोज बघते, म्हणूनच या मेसेजचा मला जास्त राग येतो.

आधी प्लॉट. 1967 चा बाह्य अवकाश करार म्हणतो की कोणताही देश चंद्रावर किंवा दुसऱ्या ग्रहावर मालकी सांगू शकत नाही. भारतही त्या करारात आहे. जी जमीन कुठल्या सरकारच्या मालकीची होऊ शकत नाही, ती विकण्याचा अधिकार एखाद्या वेबसाइटला कुठून आला? सातबारा आणि फेरफार तपासल्याशिवाय मावशीने आयुष्यात गुंठाभर जमिनीचा व्यवहार केलेला नाही. इथे मात्र शिक्का बघून ती फसली, कारण मेसेजमध्ये 'नासा' हा शब्द चार वेळा होता.

असं याआधीही झालंय. 'मार्स वन' नावाच्या डच उपक्रमाने 2012 मध्ये जाहीर केलं की परतीचं तिकीट नसलेली माणसं मंगळावर पाठवू. जगभरातून अर्ज आले, लोकांनी अर्जाची फी भरली, 2015 मध्ये 100 जणांची यादी लागली, त्यात भारतीयही होते. 2019 मध्ये बासेलच्या न्यायालयाने त्यांची कंपनी दिवाळखोर ठरवली. यान बनलंच नाही.

आता प्राणवायू. मेसेजचा हा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात खऱ्या गोष्टीवर खोटं रचलंय. यंत्र खरं आहे. त्याचं नाव मॉक्सी. नासाच्या पर्सिव्हिअरन्स या मंगळावर फिरणाऱ्या गाडीच्या पोटात ते 2021 मध्ये तिथे पोचलं. मंगळाची हवा 95 टक्के कार्बन डायऑक्साइड. मॉक्सी ती ओढून दाबायचं, सुमारे 800 अंशांपर्यंत तापवायचं आणि विजेच्या जोरावर तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढायचं. पहिल्या खेपेला 5.4 ग्रॅम निघाला. 2023 पर्यंत 16 वेळा चालवून एकूण 122 ग्रॅम. नासाचेच आकडे आहेत हे. एका माणसाला दिवसाला साधारण 840 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे दोन वर्षांच्या प्रयोगातून एका माणसाचा साडेतीन तासांचा श्वास निघाला.

हा प्रयोग फसला असं मी म्हणत नाही. उलट तो पूर्ण यशस्वी झाला. परक्या ग्रहाच्या हवेतून माणसाने पहिल्यांदा ऑक्सिजन काढला, आणि हे वर्गात सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. पण चार माणसांना मंगळावरून परत उडवायचं तर रॉकेटचं इंधन जाळायलाच सुमारे 25 टन ऑक्सिजन लागेल. कुठे 122 ग्रॅम आणि कुठे 25 टन!

आणि झाडं? मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास. उघड्यावर तुळस लावली तर दिवसही काढणार नाही. काचघरात लावू म्हणाल, तर अॅरिझोनातल्या बायोस्फिअर-2 चं काय झालं ते वाचा. 1991 मध्ये आठ माणसं तीन एकरांच्या बंद काचघरात दोन वर्षांसाठी राहायला गेली. आत शेती, झाडं, तळं, सगळं होतं. तरी ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून 14.5 वर उतरला. खत घालून कसदार केलेल्या मातीतले जीवाणू तो झाडांपेक्षा वेगाने खात होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांकडे परत जायला हवा होता, तो भिंतींच्या काँक्रीटने शोषला. माणसं जिना चढताना धापा टाकायला लागली, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. ते पृथ्वीवर होते म्हणून सोडता आला. मंगळाच्या मातीत तर परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, थायरॉइडला घातक. 2008 मध्ये फिनिक्स यानाला ते सापडले. तिथे पिकवलेली मेथी धुऊन खाता येईल, हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

पाण्याचं म्हणाल तर मेसेज अर्धा खरा आहे, मान्य करते. मंगळाच्या ध्रुवांवर आणि जमिनीखाली बर्फ आहे. फिनिक्सने वरची माती खरवडली तेव्हा खाली पांढरा बर्फ दिसला होता. पण गोठलेलं, मातीत मिसळलेलं पाणी काढून, वितळवून, शुद्ध करून प्यायला द्यायची यंत्रणा तिथे अजून कुणी उभारलेली नाही.

मंगळयानाचा अभिमान मलाही आहे. 24 सप्टेंबर 2014 च्या सकाळी मी शाळेत टीव्ही लावून मुलांना दाखवलं होतं. पण ते मंगळाभोवती फिरणारं यान होतं, त्यावर 15 किलोची उपकरणं होती, ते उतरायला गेलं नव्हतं आणि परत यायचं नव्हतं. माणसाला उतरावं लागतं, जगावं लागतं, परत यावं लागतं. पर्सिव्हिअरन्सचं वजन जेमतेम एक टन, आणि तेवढं उतरवायला पॅराशूट, रॉकेट आणि दोरखंड सगळं लागलं. माणसांचा तळ म्हणजे अनेक टन. त्यात किरणोत्सार. नासाची आधीची क्युरिऑसिटी गाडी मंगळाकडे जाताना तिच्यातल्या उपकरणाने केलेल्या मोजणीवरून नुसत्या जाण्यायेण्याचा डोस सुमारे 660 मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या डोसाचं माप) निघाला. नासाने अंतराळवीराला आयुष्यभरासाठी घालून दिलेली मर्यादा 600 आहे. 2030 चं तर बोलायलाच नको: पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी दर 26 महिन्यांनीच येतात, म्हणजे मधल्या संधी बोटांवर मोजण्याइतक्या.

मी हे सगळं सांगत होते तेव्हा नातू शेजारी बसून ऐकत होता. "मग कुणीच जाणार नाही?" त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, जातील रे, पण आधी चार-सहा जण, तेही परत येण्यासाठी. आणि त्यांचं ऑक्सिजनचं यंत्र कुणीतरी बनवायला हवं. तो मॉक्सीचे फोटो शोधायला लागला.

सोमवारी मावशीला घेऊन 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मेसेजमधल्या लिंकचा स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जवळ होता, त्यामुळे काम लवकर झालं. तुमच्या घरात कुणी पैसे भरले असतील तर तेही आजच करा, उशीर करू नका. आणि ज्यांनी तुम्हाला तो मेसेज पाठवला, त्यांना मॉक्सीचा 122 ग्रॅमचा आकडा पाठवा.