पहिलीत जाण्याआधी ‘हे यायलाच हवं’: त्या यादीला पहिलीच्या एका बाईंचं उत्तर

शाळा सुरू व्हायला पंधरा-वीस दिवस उरले की पालकांच्या गटांवर एक संदेश फिरायला लागतो. ‘पहिलीत पाऊल टाकण्याआधी तुमच्या मुलाला हे यायलाच हवं.’ सुरुवातीला मेंदूच्या वाढीची टक्केवारी. मग यादी: सगळी मुळाक्षरं वाचता-लिहिता येणं, 1 ते 100 पाठ असणं, तासभर एका जागी बसणं, पहिल्या दिवशी न रडणं. शेवटी धमकीच म्हणावी असं एक वाक्य: ‘जे मूल पहिल्या दिवशी मागे, ते कायमचं मागे.’

गेली अठरा वर्षं मी पहिलीचा वर्ग घेते आहे. यंदा हा संदेश मला तीन आयांनी पाठवला आणि तिघींनी एकच विचारलं, “बाई, आमचं काय काय राहिलंय?” एकीने खाली लिहिलं होतं की ‘ळ’ नीट काढता येत नाही म्हणून काल रात्री मी लेकीला फार बोलले, ती रडत रडतच झोपली. त्या मुलीसाठी हे सविस्तर लिहिते आहे. यादीतले काही मुद्दे निम्मे खरे आहेत, म्हणून तर ते चटकन पटतात. तेव्हा एकेक घेऊ.

‘मेंदूची 90 टक्के वाढ सहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होते, नंतर दार बंद.’ यातला आकडा बरोबर आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण 90 टक्के झालेलं असतं. पण हे आकारमान झालं, शिकण्याची क्षमता नव्हे. आतली जोडणी पुढे कित्येक वर्षं चालू असते. लक्ष टिकवणं, उतावीळपणा आवरणं, आधी ठरवून मग करणं ही कामं पाहणारा कपाळामागचा भाग तर विशी निम्मी सरेपर्यंत घडत राहतो. वाचन कोणत्याही वयात शिकता येतं, प्रौढ साक्षरतेच्या वर्गांतून लाखो माणसं ते शिकली आहेत. दार बंद होतं हे वाक्य त्या टक्केवारीतून निघतच नाही. ते भीती घालण्यासाठी पुढे जोडलेलं आहे.

‘मुळाक्षरं वाचता आणि लिहिता यायलाच हवीत.’ सगळ्यात जास्त अश्रू या ओळीपायी गळतात, म्हणून इथे जरा थांबते.

आधी वाचनाचं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात सेबास्टियन सुगेट यांनी दोन प्रकारच्या शाळांतली मुलं ताडून पाहिली. एकीकडे वाचन पाचव्या वर्षी सुरू होत होतं, दुसरीकडे सातव्या. अकराव्या वर्षापर्यंत दोन्हीकडच्या मुलांच्या वाचनात फरक उरला नव्हता. उलट वाचलेलं समजण्यात उशिरा सुरुवात केलेली मुलं किंचित सरस होती. फिनलंडमध्ये रीतसर शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि तिथली माणसं वाचनात मागे पडलेली नाहीत. शिवाय आपली लिपी काही 26 अक्षरांत आटोपणारी नाही. स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, जोडाक्षरं धरली तर मुलाला ओळखावी लागणारी चिन्हं शेकड्यांत जातात. ती शिकायला पहिली आणि दुसरी आहेत की!

आता लिहिण्याचं. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढतं, चौथ्याला अधिकचं चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन, त्यानंतर त्रिकोण. पतंगाचा आकार, म्हणजे चारही बाजू तिरप्या, हा बहुतेकांना सहा-सातच्या पुढेमागे जमतो. आता ‘ळ’ कडे बघा. एक गाठ एका बाजूला वळवायची, हात न थांबवता दुसरी उलट बाजूला. साडेपाच वर्षांच्या हाताला हे जमलं नाही तर त्यात आळस नाही आणि बुद्धीचा प्रश्न तर नाहीच नाही. उलटी अक्षरं पाहूनही पालक घाबरतात. पेल्याचा कान डावीकडे असो की उजवीकडे, तो पेलाच, हे डोळ्यांनी जन्मापासून शिकलेलं असतं. अक्षराच्या बाबतीत मात्र दिशा बदलली की अक्षरच बदलतं. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन यांनी हे फार छान उलगडलं आहे: वाचायला शिकताना मेंदूला जुनी सवय मोडावी लागते. पाच-सहा वर्षांच्या मुलाने आरशातल्यासारखं लिहिणं ही त्या मोडण्याच्या मधली पायरी आहे.

मग घरी काही करायचंच नाही का? करायचं, पण गिरवणं नव्हे. रोज एक गोष्ट वाचून दाखवा आणि मध्येच थांबून “आता काय होईल?” विचारा. आवाजांचे खेळ खेळा: ‘कमळ’ मधला ‘क’ काढला तर काय उरलं? ‘मळ’! मुलं खो-खो हसतात आणि शब्द तुकड्यांचा बनलेला असतो हे तिथेच कळतं. हातासाठी माती मळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, कात्रीने कागद कापणं पुरेसं आहे.

‘1 ते 100 पाठ हवेत.’ इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. संशोधक ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या मुलांच्या सहा दीर्घकालीन नोंदी एकत्र तपासल्या. शाळेत येतानाची संख्यांची समज हा पुढच्या शालेय प्रगतीचा सगळ्यात पक्का अंदाज देणारा घटक ठरला. म्हणजे अंकांना महत्त्व आहेच. पण समजेला, घोकण्याला नव्हे.

एका मुलाने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभं राहून एका दमात शंभरपर्यंत म्हणून दाखवलं. दारातून वडील अभिमानाने बघत होते. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर पंधरा मणी ठेवले. तो मोजायला लागला. बोट सहाव्या मण्यावर होतं तेव्हा तोंड आठवर पोचलेलं होतं. शेवटी “एकोणीस!” मी विचारलं, “मग इथे मणी किती आहेत?” त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा “एक, दोन, तीन...” सुरू केलं. त्याच्यासाठी मोजणं हे गाणं होतं, आणि मी ते पुन्हा म्हणायला सांगतेय असं त्याला वाटलं. एका मण्याला एकच आकडा आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे ‘एकूण’, या दोन गोष्टी त्याला कोणी करून दाखवल्याच नव्हत्या. तीन आठवडे आम्ही फक्त मणी, काड्या आणि जिन्याच्या पायऱ्या मोजल्या.

मराठीत तर आणखी एक अडचण आहे. आपण ‘तेवीस’ म्हणतो, म्हणजे आधी तीन ऐकू येतात आणि मग वीस. मूल ऐकू येईल तसं लिहितं: 32. ‘एकोणतीस’ मध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात 29. जर्मन मुलांनाही हाच उलटा क्रम छळतो. ज्या मुलाला दहाचे दोन गठ्ठे आणि सुटे तीन हाताने माहीत आहेत, ते हा घोळ लवकर सोडवतं. तेव्हा शंभरचा हट्ट सोडा. दहापर्यंतच्या वस्तू नीट मोजता येणं, कोणत्या ढिगात जास्त आहेत ते सांगता येणं, “मला चार चमचे आण” म्हटल्यावर चारच आणणं एवढं पुष्कळ झालं.

‘तासभर एका जागी बसता यायला हवं.’ नाही. मीच त्यांना तासभर बसवत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी काम बदलते, उठवते, गाणं घेते. अमेरिकेत साडेतीन हजारांहून जास्त बालवर्ग-शिक्षकांना विचारलं, तेव्हा मुलांची अडचण म्हणून सगळ्यात जास्त जणांनी सांगितली ती सूचना ऐकून त्याप्रमाणे न करता येण्याची. घरी दोन टप्प्यांची कामं सांगत जा: “चप्पल कोपऱ्यात ठेव आणि मग हात धू.” ते केलं की शाबासकी. इतकंच.

‘रडणारं मूल म्हणजे तयारी नसलेलं मूल. फाटकावर लक्ष चुकवून गुपचूप निघून या.’ या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पहिलं वाक्य चूक आहे आणि दुसरं मुलाला इजा करणारं आहे.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी तान्ह्या मुलांचा आईशी असलेला बंध अभ्यासला. आई खोलीबाहेर गेल्यावर मूल किती रडलं, यावर त्यांनी तो बंध ठरवला नाही. आई परत आल्यावर मूल तिच्याकडे कसं गेलं आणि कसं शांत झालं, हे त्यांना जास्त सांगून गेलं. पहिलीतल्या मुलांतही मला तेच दिसतं. फाटकावर हंबरडा फोडणारं मूल वीस मिनिटांनी ठोकळ्यांत रमलेलं असतं. दुसरं एखादं चकार शब्द न काढता दिवसभर दप्तर मांडीवर धरून बसतं, आणि माझं लक्ष त्या दुसऱ्यावर जास्त असतं. पुष्कळ मुलं दिवसभर आवरून धरतात आणि घरी पोचल्यावर क्षुल्लक कारणावरून भोकाड पसरतात. शाळेत काहीतरी वाईट घडलं असा अर्थ लगेच काढू नका. जिथे सुरक्षित वाटतं तिथे ते बाहेर पडतं.

गुपचूप निघून जाण्याचं काय होतं तेही सांगते. एक बाबा मुलगा भिंतीवरचं माशांचं चित्र बघत असताना मागच्या मागे निघून गेले. मुलगा वळला, बाबा नाहीत. पुढचे आठ दिवस त्या मुलाने दाराकडे पाठ केली नाही, कुठलंच चित्र बघितलं नाही. नजर सतत दारावर. आपलं लक्ष हललं की माणूस नाहीसं होतं, हा धडा त्याने पहिल्या दिवशी घेतला होता.

त्याच वर्षी एक आई रोज तीनच गोष्टी करायची. दप्तर खुंटीला अडकवायची, लेकीच्या तळहातावर पापी घ्यायची आणि सांगायची, “डबा होईल, मग गोष्ट होईल, मग घंटा, आणि मी याच पायरीवर.” मुलगी पहिले चार दिवस रडली. पाचव्या दिवशी डबा संपल्यावर तिने मला विचारलं, “आता गोष्ट ना?” या वयात घड्याळातल्या वेळेला अर्थ नसतो, एकापाठोपाठ घडणाऱ्या गोष्टींना असतो. निरोप घ्या, छोटा घ्या, रोज तसाच घ्या, आणि सांगितलेल्या जागी वेळेवर उभे राहा. तुमचे डोळे भरून येत असतील तर त्यात गैर काही नाही, फक्त तुम्ही वळणाआड जाईपर्यंत अश्रू थांबवा. मूल तुमचा चेहरा वाचून ठरवतं की ही जागा बरी आहे की नाही.

आणि ते शेवटचं, ‘कायमचं मागे’. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 2,990 मुलांचा अभ्यास झाला. सरकारी बालवर्गात प्रवेश सोडतीने मिळालेली आणि न मिळालेली मुलं सहावीपर्यंत तपासली. बालवर्ग संपताना प्रवेश मिळालेली मुलं पुढे होती. ती आघाडी लवकरच विरली आणि सहावीत चाचण्यांमध्ये तीच मुलं मागे होती. 2022 मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यावरून बालवर्गच वाईट असं मी म्हणणार नाही. पण आधी पुढे तो कायम पुढे, हा हिशेब तिथे साफ चुकला.

शेजारच्या मुलाशी तुलना करण्याआधी दोघांच्या जन्मतारखा बघा. एकाच वर्गात अकरा महिन्यांचं अंतर असू शकतं, आणि सहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सहावा भाग. अमेरिकेत जिथे 1 सप्टेंबर ही प्रवेशाची सीमा आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलांवर अतिचंचलतेच्या विकाराचा शिक्का सप्टेंबरमधल्या मुलांपेक्षा 34 टक्के जास्त वेळा बसल्याचं 2018 मधल्या एका अभ्यासात दिसलं. लहान असण्यालाच आजार समजलं गेलं.

यादीत जे नाही, ते मला जास्त खुपतं. कान आणि डोळे तपासून घ्या, असं तिथे एका शब्दाने नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहणं या वयात फार आढळतं, आणि ‘ऐकतच नाही’ म्हणून बोलणी खाणारं मूल कधी कधी खरंच ऐकू न आल्यामुळे गप्प असतं. एक डोळा मंद असेल तर उपचार जितका लवकर तितका चांगला. झोपेबद्दल काही नाही. सहाव्या वर्षापासून 9 ते 12 तास झोप हवी, त्याआधी त्याहून जास्त. उठायची वेळ शाळेच्या दोन आठवडे आधीपासून थोडी थोडी अलीकडे आणा.

आणि मदत मागण्याबद्दल एक अक्षर नाही. एका वर्षी सगळं येणारी एक मुलगी आली. वाचायची, लिहायची, पाढे म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात तिच्या दप्तराच्या तळाशी मला घड्या घालून दडवलेले चार कागद सापडले, चारही कोरे. न येणारं काम तिने लपवलं होतं. न येणं म्हणजे काय आणि तेव्हा काय करायचं, हे तिला कधी कळूच दिलं नव्हतं. “बाई, मला हे येत नाही, दाखवा ना,” एवढं वाक्य जे मूल घेऊन येतं त्याची मला काळजी नसते. घरी डब्याचं झाकण अडलं की झटकन उघडून देऊ नका. मुलाला मदत मागू द्या. तुम्हालाही एखादी गोष्ट येत नसेल तर त्याच्यासमोर कुणाला तरी विचारा.

ज्या आईने ‘ळ’ बद्दल लिहिलं, तिला मी परत एवढंच कळवलं: वही महिनाभर कपाटात ठेवा, ‘ळ’ आम्ही बघू. आणि लेक शू-शीसाठी घरी कोणता शब्द वापरते तो मला सांगा. प्रत्येक घराचा वेगळा असतो आणि दर वर्षी एखादं मूल तो शब्द दोनदा-तीनदा म्हणतं, मला कळत नाही, आणि उशीर होतो. तिने लगेच कळवला. माझ्या वहीत लेकीच्या नावापुढे तो लिहून ठेवला आहे.