एका बोटाने बांधलेला पूल? ब्रुकलिन पुलाच्या लाडक्या गोष्टीचा प्रतिवाद

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची एक प्रेरणादायी गोष्ट गेली अनेक वर्षे फिरते आहे. असा झुलता पूल अशक्य आहे, असे जगभरच्या तज्ज्ञांनी जॉन रोबलिंग यांना बजावले. काम सुरू होऊन काही महिने होतात तोच बांधकामावरील अपघातात ते दगावले आणि त्याच अपघातात मेंदूला इजा होऊन त्यांचा मुलगा वॉशिंग्टन मुका व पांगळा झाला. मग हलणाऱ्या एकुलत्या बोटाने पत्नीच्या दंडावर टिचक्या मारून त्याने १३ वर्षे अभियंत्यांना सूचना दिल्या, असा तिचा सारांश. यातली माणसे खरी आहेत आणि आजारपणही खरे आहे, पण बाकीचे बरेचसे रचलेले आहे.

तज्ज्ञांचा मुद्दा लवकर निकालात निघतो. जॉन रोबलिंग नवखे नव्हते. नायगारा नदीवर आगगाडी पेलणारा झुलता पूल त्यांनी १८५५ मध्येच पुरा केला होता आणि सिनसिनाटीचा १,०५७ फुटी गाळ्याचा (म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या अंतराचा) पूल १८६६ च्या अखेरीस खुला झाला होता. ब्रुकलिनचा मधला गाळा त्याच्या दीडपट, सुमारे १,५९५ फूट असल्याने शंका घेतल्या गेल्या हे खरे. परंतु १८६९ मध्ये आराखडा तपासणाऱ्या सल्लागार अभियंत्यांच्या मंडळाने तो मान्यच केला.

अपघात झाला तो बांधकाम सुरू होण्यापूर्वी. जून १८६९ मध्ये जागेची पाहणी चालू असताना धक्क्याला लागणाऱ्या बोटीखाली जॉन यांचा पाय चिरडला आणि २२ जुलैला धनुर्वाताने त्यांचा मृत्यू झाला. काम जानेवारी १८७० मध्ये सुरू झाले. वॉशिंग्टन यांना त्या अपघातात इजा झालेली नव्हती.

त्यांचा आजार वेगळा होता, आणि तो कसा जडला हे गाळल्यामुळेच मूळ गोष्टीतला सर्वांत विलक्षण भाग हरवतो. पुलाच्या मनोऱ्यांचा पाया घालण्यासाठी तळ नसलेली प्रचंड लाकडी पेटी, म्हणजे कॅसन, नदीत उतरवली जाई. पाणी आत येऊ नये म्हणून तिच्यात दाबाखालची हवा भरत आणि त्या कोंदट उकाड्यात मजूर नदीचा तळ खोदत. जितके खोल जावे तितका दाब वाढे. माणूस तेथून झटपट वर आला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे जखडत, कधी अर्धांगवायू होई, कधी जीवही जाई. न्यूयॉर्ककडचे कॅसन ७८ फुटांपर्यंत गेले. मजुरांबरोबर खाली उतरणाऱ्या वॉशिंग्टन यांना १८७२ मध्ये याच विकाराने गाठले. पूल १८८३ मध्ये खुला झाला, तेव्हा टिचक्यांची १३ वर्षे साध्या वजाबाकीतही बसत नाहीत.

ते अंथरुणाला खिळले, दृष्टी अधू झाली, गोंगाट व माणसांची वर्दळ सोसेनाशी झाली. पण त्यांची वाचा गेली नव्हती आणि बुद्धीला तर धक्काही लागला नव्हता. आपण जगणार नाही या भीतीने त्यांनी उरलेल्या कामाच्या तपशीलवार सूचना लिहून काढल्या. नदीकाठच्या घराच्या खिडकीतून ते दुर्बिणीने काम पाहत. १८७८ मध्ये तारेच्या कंत्राटदाराने नापास झालेली तार पुलावर खपवल्याचे उघड झाले, तेव्हा केबलची ताकद गरजेच्या सहापटीऐवजी निदान पाचपट तरी उरते, असा हिशेब त्यांनी मांडला आणि प्रत्येक केबलमध्ये सुमारे १५० जादा तारा घालायला लावल्या. ती निकृष्ट तार आजही तेथेच आहे. एवढी आकडेमोड एका बोटाच्या टिचक्यांनी कशी सांगितली असती, याचा विचार मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

उरतो तो टिचक्या झेलणारा पत्नीचा दंड, आणि माझा खरा आक्षेप तेथेच आहे. एमिली रोबलिंग या निरोप उमटवण्याची पाटी नव्हत्या. पदार्थांची ताकद, ताणाचे गणित, केबलची रचना हे विषय त्यांनी शिकून घेतले. पतीचा पत्रव्यवहार त्या लिहीत, बांधकामावर जाऊन सहायक अभियंत्यांशी बोलत, कंत्राटदारांशी आणि अधिकाऱ्यांशी व्यवहार करत. १८८२ मध्ये वॉशिंग्टन यांना मुख्य अभियंतापदावरून हटवण्याचा ठराव आला आणि तो अवघ्या तीन मतांनी फेटाळला गेला. इतकी वर्षे कामावर पाऊल न टाकता ते पद टिकले, यात एमिली यांच्या वावराचा वाटा मोठा होता. पूल खुला होण्यापूर्वी घोडागाडीतून तो प्रथम ओलांडण्याचा मान त्यांना मिळाला, तेव्हा विजयाचे चिन्ह म्हणून त्यांनी जिवंत कोंबडा सोबत नेला होता.

वॉशिंग्टन पुढे ८९ वर्षांचे होऊन १९२६ मध्ये वारले. वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांनी घरच्या तारकंपनीचे अध्यक्षपद पुन्हा सांभाळले होते. पुलावर १९५१ मध्ये बसवलेल्या फलकात एमिली यांचे नाव पती आणि सासरे यांच्या आधी येते, मात्र तेथेही गौरव आहे तो त्यांच्या निष्ठेचा आणि धैर्याचा. गणिताचा उल्लेख नाही.