पडून राहण्याचा गुन्हा

आजारी बाईला लोक सहन करतात. धडधाकट बाईही चालते. पण ताप उतरलेली, रिपोर्ट चांगले आलेली आणि तरीही भरदिवसा उशीला टेकून पुस्तक वाचणारी बाई आमच्या सोसायटीला अजून झेपलेली नाही. मला टायफॉइड होऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "आता औषध फारसं नाही, नुसतं पडून राहा." माझी पंचाईत अशी की, पडून राहणं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर इंग्लंडातलं खेडंच येतं.

अगाथा ख्रिस्तीच्या 'द मूव्हिंग फिंगर' या रहस्यकादंबरीत (1942) जेरी बर्टन नावाचा वैमानिक विमान कोसळून जायबंदी होतो. डॉक्टर त्याला सांगतात, खेड्यात जा, घर भाड्यानं घे, गावातल्या भानगडींत लक्ष घाल आणि बाकी स्वस्थ राहा. भानगडींत लक्ष घाल! आपल्याला कुठल्या एमडीनं हे कधी लिहून दिलंय? मग तो बहिणीला घेऊन लिमस्टॉकला जातो. टुमदार घर, कामाला बाई, चहा, गप्पिष्ट शेजार. थोड्याच दिवसांत घाणेरडी निनावी पत्रं येऊ लागतात, पुढे मुडदाही पडतो. तरी सगळं इतकं निवांत की वाटतं, एखादा खून चालेल, पण आपल्यालाही कुणीतरी अशा घरात नेऊन सोडा. उत्तरार्धात ख्रिस्तीबाईंच्या म्हाताऱ्या, चौकस हौशी हेर मिस मार्पल अवतरतात आणि विणता विणता खुनी शोधतात.

आमच्याकडे खून झालेला नाही. मार्पल मात्र आहे, तळमजल्यावर. मुडदा मिळत नाही म्हणून तिनं मला धरलंय.

काकू परवा "सहज" आल्या. पलंगाच्या कडेवर बसल्या, माझ्या बशीतलं मारी बिस्किट उचललं आणि म्हणाल्या, "जीभ दाखव."

दाखवली. का दाखवली, देव जाणे.

"पांढरी नाही."

"नाहीच ना काकू. टायफॉइड गेला. आता नुसता अशक्तपणा आहे."

"हं. स्कूटरवर तुझ्या धूळ आहे. सीटवर मांजर झोपतं."

"मी बाहेर जात नाही, डॉक्टरांनीच..."

"दोरीवर कपडे तुझा नवरा घालतो. मोजे एक या टोकाला, एक त्या टोकाला. म्हणजे नवाच आहे कामाला." हे निरीक्षण मला मानावं लागलं. "दुधाची पिशवी एक जास्त येते. रात्री एक-एक वाजेपर्यंत दिवा." दुसरं बिस्किट. मग आवाज एकदम खाली. "नोकरी गेली ना गं? सांग मला. मी कुणाला बोलणार नाही."

"नोकरी आहे, काकू. रजेवर आहे मी."

"मग भांडलात?"

"नाही."

"भांडून माहेरी जातात, ते तू गेलेली नाहीस. खरंय." बराच विचार. "मग दिवस?"

"काकू, मी शेहेचाळीस वर्षांची आहे!"

"तेच म्हणतेय मी."

मग त्यांना उशीखालचं पुस्तक दिसलं. "खुनाचं? या अशक्तपणात? डोकं फिरतं अशानं. आमच्या नणंदेचं फिरलं होतं." आणि पुस्तक पिशवीत घालून निघाल्याही. माझी शेवटची चाळीसेक पानं राहिली होती. शिवाय जाताना, "तुला पथ्य असेल," म्हणून उरलेली बिस्किटंही नेली.

हा उपचार काही काकूंनी शोधलेला नाही. फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वेअर मिचेल 1870च्या दशकात हेच करत. थकल्या-खचल्या बायकांना सहा-आठ आठवडे पलंगावर निजवायचं, दूध पाजायचं, अंग रगडून घ्यायचं आणि वाचणं, लिहिणं, शिवणं सगळं बंद. शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका 1887मध्ये त्यांच्याकडे गेली. घरी पाठवताना त्यांनी बजावलं, मूल सतत जवळ ठेव आणि जन्मात लेखणीला हात लावू नकोस. तिनं लावला, आणि 1892मध्ये 'द यलो वॉलपेपर' ही कथा छापून आली. आता पुरुषांचं ऐका. ओवेन विस्टरची तब्येत ढासळली तेव्हा याच डॉक्टरांनी त्याला 1885मध्ये वायोमिंगला धाडलं. घोडे, शिकार, मोकळं रान. त्यानं पुढे त्याच गुराख्यांवर कादंबरी लिहून नाव काढलं. त्याची लेखणी कुणी काढून घेतली नाही. गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या कमरेत उसण भरली, तेव्हा हीच तळमजल्यावरची मार्पल मला दटावून गेली होती, "त्याला अजिबात हलू देऊ नकोस. क्रिकेट लावून दे." त्याची जीभ कुणी पाहिली नाही. मोजे तर मी जोडीनंच वाळत घालत होते. हसण्यावारी न्यायचं म्हटलं तरी हे मला लागलंय.

खुद्द ख्रिस्तीबाईंनी डिसेंबर 1926मध्ये काय केलं? त्याच वर्षी आई गेलेली, नवरा दुसरीच्या प्रेमात. एका रात्री बाई गाडी टाकून नाहीशा झाल्या. पोलीस, स्वयंसेवक, वर्तमानपत्रं, सगळे मागावर. अकरा दिवसांनी सापडल्या त्या हॅरोगेटला, गंधकाच्या पाण्याच्या उपचारांसाठी नावाजलेल्या गावी, एका हॉटेलात. आणि आडनाव लावलं होतं नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं! का गेल्या, ते त्यांनी आत्मचरित्रातही सांगितलं नाही. मला विचाराल तर त्यांना पडून राहायचं होतं. अकरा दिवस मिळाले, भाग्यवान बाई. आमच्या इमारतीत संध्याकाळचं दूध येईस्तोवर पत्ता लागला असता, नवऱ्याच्या मैत्रिणीसकट.

काल मी नवऱ्याला पुस्तक आणायला खाली पाठवलं. अर्ध्या तासानं तो वर आला तो डबाभर हळिवाचे लाडू घेऊन. हळिवाचे! बाळंतिणीला देतात ते.

"पुस्तक?"

"त्या वाचतायत. पोस्टमनवर संशय आहे त्यांचा." त्यानं एक लाडू तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "तुझी नोकरी गेली, ते आधी मला सांगायचंस ना."